पाठिंबा नसलेल्या यंत्रांचे मामा

घर भाड्यानं बघायला गेलं की घरमालक काय काय विचारतात ते मला तोवर पाठ झालं होतं. लग्न झालंय का, मटण-मासे करता का, पाहुणे किती येतात, आणि मग आडवळणानं आडनावावरून गाव आणि गावावरून जात. पडेगावच्या या घरमालकांनी मला भर उन्हात अंगणात उभं केलं आणि विचारलं, "बाई, प्रिंटर कुठलाय तुमचा?"

मी म्हटलं, प्रिंटर नाही, एक स्कॅनर आहे. पण तो बंदच असतो. नवा कॉम्प्युटर घेतल्यापासून दोघांचं जमत नाही. कंपनीला फोन केला तर म्हणाले, या मॉडेलचा सपोर्ट आम्ही थांबवलाय.

"म्हंजे पाठिंबा काढला," ते म्हणाले आणि त्यांचा चेहरा एकदम खुलला. "सरकार पडलं नाय ना अजून? मंग या राह्यला."

बाकीचं सगळं, म्हणजे भाडं, पाणी, गच्चीवर कपडे कुणी कधी वाळत घालायचे, ते त्यांच्या बायकोनं ठरवलं. या दोघांना अख्खी गल्ली मामा आणि मामी म्हणायची, तशी मीही म्हणायला लागले. मी तेव्हा शहरातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवत होते. मूळची नाशिककडची. इथली उन्हाळ्यातली धूळ, आठवड्यातून एकदा येणारं नळाचं पाणी आणि 'करायलोय, जायलोय' अशी क्रियापदं, या तिन्हींचा मला सारखाच राग यायचा. तिन्हींची सवय होईपर्यंत मी त्या घरात चार वर्षं काढली.

मामांचं घराणं पाचोडकडचं, मेंढरं राखणारं. मामा तेवढे आयटीआय करून चितेगावला एका कारखान्यात सर्किट जोडायच्या लाइनवर लागले. नोकरीच्या काळात पडेगावात प्लॉट घेतला, घर बांधलं आणि नोकरी सुटल्यावर खालच्या समोरच्या खोलीत यंत्रांचा संसार मांडला. संसार कसला, अनाथाश्रमच तो! भंगारवाल्यांच्या गाड्यावर जे जे कुणी टाकून दिलेलं असेल ते मामांच्या खोलीत यायचं. प्रिंटर, वेबकॅम, मोडेम, बारकोड वाचायची बंदूक, आणि एकदा तर कुठल्याशा कार्यालयातलं अंगठा लावून हजेरी घ्यायचं यंत्र. भंगारवाला गाडा उभा करून हसायचा. "मामू, ये मुर्दा है, इसका क्या करते?" मामा यंत्र कानाशी नेऊन हलवायचे आणि सांगायचे, "मुर्दा नाय रे, बेहोश है."

या सगळ्यांना ते लिनक्सवर चालवायचे. लिनक्स म्हणजे काय, हे मला मामांनी पहिल्याच आठवड्यात समजावलं. कॉम्प्युटरमध्ये विंडोज असतं तसंच हे, पण कुणा एका कंपनीच्या मालकीचं नाही, फुकट मिळतं, आणि यंत्रं बनवणाऱ्या बऱ्याच कंपन्या त्याच्याकडं बघतही नाहीत. "बाई, लिनक्स म्हंजे गायरान," ते म्हणाले. "कुणीबी यावं, कुणीबी चारावं. पर राखण आपली आपण करायची. तकरार घेऊन कुणाच्या दारात जायचं नाय." मी मराठीची बाई. इतकी नेमकी व्याख्या मला आमच्या कॉलेजच्या संगणकाच्या सरांनीही दिली नव्हती.

माझा स्कॅनर मामा खाली आपल्या खोलीत घेऊन गेले. त्याला अकरा दिवस लागले. रोज संध्याकाळी मामा जिना चढून यायचे आणि डॉक्टर नातेवाइकांना सांगतात तसं दारातूनच सांगायचे. "आज वळखलं. पर बोलत नाय." दुसऱ्या दिवशी, "बोललं. पर काय बोललं ते कळंना." एकदा मी वैतागून विचारलं की नक्की करताय काय? तर पायरीवर बसले आणि वडिलांची गोष्ट सांगायला लागले. एखादी मेंढी व्यायली आणि तिचं कोकरू मेलं, आणि दुसरीकडं एखाद्या कोकराची आई मेली, की त्यांचे वडील त्या मेंढीचं दूध काढून पोरक्या कोकराच्या पाठीला, शेपटाला चोळायचे. मेंढी हुंगायची. आपलाच वास आला की पाजायला उभी राहायची. याला ते 'वास लावणं' म्हणायचे.

"तुमचा स्कॅनर तसा चांगल्या घरचाय," मामा म्हणाले. "याच्यासारखाच दुसरा एक हाय, त्याला लिनक्स वळखतं. दोघांच्या पोटात मशीन येकच. फकस्त कंपनीनं याला नंबर येगळा दिलाय, म्हणून लिनक्स म्हणतं, ह्यो माझा नाय. आता त्याच्या नंबराचा वास याला लावायचा." पुढं मला कळलं की जगभरचे लोक हेच करतात आणि त्याला इंग्रजीत काही लांबलचक नाव आहे. मी आजही वास लावणंच म्हणते.

अकराव्या दिवशी स्कॅनर चालला. फक्त पान उलटं उमटायचं. मामांनी त्याच्या झाकणावर चिठ्ठी चिकटवली, 'कागद उलटा ठेवावा.' त्यांच्या खोलीत प्रत्येक यंत्रावर अशी एक चिठ्ठी असे आणि तिच्यावर त्याची खोड लिहिलेली असे. 'ह्याला आधी कोरा कागद द्यावा, मग ऐकतो.' 'दोनदा उपटून लावावा.' एका मोडेमवर 'तोंड भिंतीकडं' असं होतं. का, ते मामांनाही ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, "मामा, याला दुरुस्त झालं म्हणायचं का?" ते म्हणाले, "बाई, तुमच्या वर्गात समदी पोरं सुलटीच हायेत व्हय?"

मामा बोलायचे ते सगळं ओरडून. सुरुवातीला मला वाटलं नवरा-बायकोचं पटत नसावं. मग लक्षात आलं की मामींना ऐकू येत नाही. एक कान पूर्ण गेलेला, दुसरा जेमतेम. दहाबारा वर्षं ओरडून ओरडून मामांचा आवाजच तसा घडला होता. त्यामुळं त्यांच्या घरातलं काही लपून राहत नसे. आज भाजी काय, मामांचं पोट साफ झालं का, जावयाचा फोन आला होता तो काय म्हणाला, सगळं गल्लीला कळायचं. टँकर आला की मामा मामींना हाक मारायचे आणि त्या हाकेवर चार गल्ल्यांतल्या बायका घागरी घेऊन निघायच्या.

मामींचा जीव होता तो शेळ्यांवर. सात शेळ्या होत्या, घरामागं पत्र्याच्या गोठ्यात बांधलेल्या. मी राहायला आले तेव्हा घरापुढं मोकळं रान होतं, दौलताबादच्या रस्त्यापर्यंत. दोन वर्षांत तिथं चुन्याच्या रेघा आल्या, नंबर टाकलेले दगड आले, मग 'सुखवस्तू कुटुंबांसाठी' असे फलक आले. त्यात पाऊस नाही. बोअर आटले, गवत म्हणावं असं काही उरलं नाही. मामी त्या नंबरांच्या दगडांमधून शेळ्या घेऊन बाभळी शोधत हिंडायच्या. मी एकदा म्हटलं, "मामी, आता हे सगळं सोडून स्वस्थ बसावं." त्यांनी माझे ओठ वाचले आणि म्हणाल्या, "बसून काय करू? माणसांत मला काय कळतंय? शेळ्यांत कळतंय."

पण ते कळणंही हळूहळू कमी होत चाललं होतं, हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

लेकीनं आईला कानाचं मशीन घेऊन दिलं होतं, कानामागं बसणारं. मामी ते दवाखान्यात जाताना घालायच्या आणि घरी आल्या की काढून देव्हाऱ्यात ठेवायच्या. आम्हाला वाटायचं हट्ट आहे. मामा ओरडायचे, "अगं, घाल की! इतकं चांगलं मशीन, कंपनीचा पाठिंबाबी हाय त्याला!" मामी मान फिरवायच्या. मान फिरवली की झालं, ओठ दिसत नाहीत, विषय संपला.

चैत्रातल्या एका दुपारी चांदी नावाची शेळी व्यायला आली. मामी गोठ्यापासून पाच-सहा पावलांवर पाठमोऱ्या बसून तूर पाखडत होत्या. करडू अडलं. शेळी ओरडली असणार, बराच वेळ ओरडली असणार. मामी उठून मागं वळल्या तेव्हा शेळीही गेली होती आणि करडूही. मी कॉलेजातून आले तर अंगणात शेजारच्या बायका बसलेल्या आणि मामी कोरड्या डोळ्यांनी गोठा झाडत होत्या.

संध्याकाळी त्यांनी जाहीर केलं, "जिला हाक ऐकू येत नाय तिनं जित्राब राखू नाय." त्यांच्या भावाला निरोप गेला. पाचोडचा बाजार आठवड्यातून एकदा भरतो. तिसऱ्या बाजाराला त्याचा टेंपो येईल आणि राहिलेल्या सहाही शेळ्या पाचोडच्या बाजारात नेऊन विकेल. मामा खूप ओरडले. मामींनी मान फिरवली.

दोन दिवस मामांच्या खोलीचं दार उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी ते माझ्याकडं वर आले. त्या दिवशी मी त्यांचा हळू आवाज पहिल्यांदा ऐकला.

"बाई, मीबी घरातच व्हतो."

मला कळेना.

"त्या दुपारी. कानाला हेडफोन लावून बसलो व्हतो, एका मशीनचा आवाज तपासत. तिला वाटतं तिच्या कानाची चूक. मला तर दोन चांगले कान हायेत." ते खाली बघत राहिले. "हे मी तिला सांगू कसं? ह्ये का ओरडून सांगायची गोष्ट हाय?"

मी पाणी दिलं. दुसरं काय देणार? मग म्हटलं, मामा, पण मशीन होतं ना? ते घातलं असतं तर? तेव्हा त्यांनी सांगितलं की काल त्यांनी मामींना पाटीवर लिहून विचारलं, मशीन का घालत नाहीस. मामी म्हणाल्या, "घातलं की माणसं ऐकू येतात. शेळ्या येत न्हाईत."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं शहरात कानाच्या दवाखान्यात गेलो. तपासणारा मुलगा तरुण होता आणि स्वभावानं चांगला होता. त्यानं शांतपणे समजावलं, "मामी, मशीन माणसांचं बोलणं ऐकण्यासाठी असतं. बाकीचा आवाज ते मुद्दाम दाबतं, नाहीतर डोकं दुखेल."

"मंग दाबू नका," मामा म्हणाले.

"मामा, तसं नसतं. शेळीचं ओरडणं म्हणजे मशीनच्या लेखी गोंगाट. कंपनीनंच तसं बसवून दिलंय. मी आजपर्यंत कुणासाठी शेळीचं सेटिंग केलेलं नाही." तो हसला. वाईट हसला नाही, पण हसला. मामी त्याच्या ओठांकडं बघत होत्या, त्यांना ते दिसलं. मला त्याचा फार राग आला.

मामांचं मात्र लक्षच नव्हतं. ते त्याच्या मागच्या फळीकडं बघत होते. तिथं धुळीत एक करडी पेटी पडली होती, वायरींसकट.

"ह्ये काय हाय?"

"ती जुनी पेटी. कानाचं मशीन वायरीनं हिला जोडायचं, ही कॉम्प्युटरला जोडायची आणि मग सेटिंग करायचं. आता नवी आलीय. हिचा सपोर्ट कंपनीनं काढला."

मामांनी माझ्याकडं बघितलं. ती नजर मला ठाऊक होती.

त्या मुलाचे उपकार मानले पाहिजेत. त्यानं पेटी दिली, सीडी दिली, आणि एका कागदावर एक आकडा लिहून दिला. "आवाजाची वरची मर्यादा ही. काहीही करा, पण याच्या वर नेऊ नका, उरलेला कान जाईल. आणि अडलं तर फोन करा." मामांनी तो कागद खिशात घातला आणि परतताना रिक्षात चार वेळा चाचपून बघितला.

पहिला बाजार गेला तो सॉफ्टवेअर उघडण्यात. ते जुन्या विंडोजसाठी लिहिलेलं होतं, लिनक्सवर हललंच नाही. अशा वेळी लिनक्सवाले वाइन नावाची एक सोय वापरतात. विंडोजचं सॉफ्टवेअर वाइनमध्ये ठेवलं की त्याला वाटतं आपण आपल्याच घरी आहोत, आणि ते चालायला लागतं. आता मामा दारूच्या दुकानावरून जाताना रस्ता ओलांडणारा माणूस. पण कामाच्या भरात त्यांना भान नसे आणि मामींना तर रोजची खबर द्यायची. त्यामुळं भर सकाळी गल्लीला ऐकू यायचं, "अगं, वाइन घेतली! जुनी वाइन! आता बघ कसं चालतं!" आणि दुपारी, "वाइन बदलली! ती झेपत नव्हती!"

तिसऱ्या दिवशी समोरचे निवृत्त पोस्टमास्तर माझ्याकडं आले. दार लोटून घेऊन म्हणाले, "मॅडम, शेळी गेल्याचं दुःख आहे, समजू शकतो. पण या वयात सुरुवात करणं बरं नव्हे. तुम्ही शिकलेल्या आहात, जरा समजवा त्यांना." मला इतकं हसू आलं की मला बसावं लागलं. मामांना सांगितलं तर ते लाजून लाल झाले आणि त्या दिवसापासून वाइनला 'द्राक्षासव' म्हणायला लागले. त्यानं पोस्टमास्तरांचं समाधान झालं असं मला वाटत नाही.

द्राक्षासवात सॉफ्टवेअर उघडलं. पण पेटी काही त्याला सापडेना. पडद्यावर तेच एक वाक्य यायचं, यंत्र जोडलेलं नाही. दुसरा बाजारही गेला. मामांची दाढी वाढली. मी संध्याकाळी खाली गेले की ते पेटीवर हात ठेवून नुसते बसलेले दिसायचे. एकदा म्हणाले, "बाई, जमलं नाय तर?" मी त्यांच्या तोंडून हा प्रश्न तोवर ऐकला नव्हता. मामी गोठ्यात दोऱ्या गुंडाळून ठेवत होत्या, बाजाराला लागतात म्हणून.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पेटीचे स्क्रू काढले. आत एक बोटाच्या पेराएवढा काळा तुकडा निघाला. मामा तो भिंगातून बघत राहिले आणि एकदम मोठ्यानं हसले. "बाई, ह्यो तर आपल्यातलाच! असा तुकडा माझ्याकडं चार मशीनमधी हाय. लिनक्स याला चांगलं वळखतं. कंपनीनं वरून आपला नंबर चिकटवलाय, लोकांनी दुसरं काय लावू नाय म्हणून." मग अर्धा तास टकटक. त्यांनी लिनक्सला सांगितलं की या नंबराचं जनावर दारात आलं तर त्याला आपलं म्हण. वास लागला. पेटीवरचा हिरवा दिवा लागला आणि पडद्यावर मामींच्या कानाच्या मशीनचं नाव आलं. मामांनी मामींना हाक मारायला तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. "आधी चालू दे," म्हणाले.

टेंपो यायच्या आदल्या दिवशी, सकाळी, आम्ही अंगणात बसलो. मामी बाजेवर, कानात मशीन, तिथून वायर पेटीला, पेटी लॅपटॉपला. मामा पायाशी जमिनीवर. गोठा समोर, सहाही शेळ्या खुंट्याला. मामी तयार झाल्या होत्या ते केवळ मामांचं मन मोडू नये म्हणून. "करा काय करायचं ते. उद्या त्या जायच्याच हायेत," त्या म्हणाल्या.

सॉफ्टवेअर इंग्रजीत. मामांना आकडे कळायचे, शब्द माझ्याकडं. मी एकेक ओळ वाचून अर्थ सांगत होते. एका ओळीवर मी म्हटलं, "गोंगाट कमी करा. हे पूर्ण चालू केलेलं आहे."

"थांबा. कुणाचा गोंगाट?"

"माणसाच्या बोलण्यासारखा नसलेला प्रत्येक आवाज."

"आन ह्ये कुणी ठरवलं?"

"कंपनीनं."

मामांनी बाण त्या ओळीवर नेला आणि गोंगाट कमी करणं बंद केलं. मग लांबचा, बारीक आवाज वाढवायची पट्टी होती, ती थोडी थोडी वर नेली. खिशातला कागद मांडीवर पसरलेला होता, दर वेळी त्यावर बोट ठेवून बघायचे. वरच्या मर्यादेला त्यांनी हात लावला नाही. मध्येच ते सवयीनं ओरडले, "ऐकू यायलंय का गं?" तर मामी दचकून कान झाकायला लागल्या. मी म्हटलं, "मामा, आता तुम्ही अजिबात बोलायचं नाही. तुमच्या आवाजाखाली शेळ्या बुडतात." मामांनी तोंडावर हात ठेवला.

अंगण शांत झालं. त्या घरात इतकी शांतता मी कधी अनुभवली नव्हती. लांबून टँकरची घरघर येत होती, नव्या इमारतीवर कुणीतरी लोखंड आपटत होतं. गोठ्यात एक शेळी ओरडली.

मामींनी तिकडं बघितलं नाही. समोर बघत त्या म्हणाल्या, "बोडकी."

बोडकीच ओरडली होती. मग दुसरी ओरडली. "काळी. तिला पाणी पायजे." मी उठून काळीपुढं बादली ठेवली, ती पाण्यात तोंड घालून गटागटा प्यायली. मामींनी डोळे मिटून घेतले. तिसरी, चौथी. त्या नावं घेत होत्या आणि त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. चांदी गेली त्या दिवशी न आलेलं सगळं पाणी आज येत होतं. मामा पट्टीवरचं बोट न हलवता त्यांच्याकडं बघत बसले होते. मलाही रडू आवरलं नाही, आणि मी ते आवरलंही नाही.

मग मामींनी कपाळाला आठ्या घातल्या. "ह्यातली एक आजारी हाय."

आम्ही शेळ्यांकडं बघितलं. सगळ्या चांगल्या दिसत होत्या.

"छाती वाजायली तिची. शिट्टीवानी. ऐका की." त्यांनी वायर काढायला लावली, मशीन तेवढं, तात्पुरत्या सेटिंगसकट, कानात ठेवून उठल्या आणि गोठ्यात शिरल्या. प्रत्येक शेळीच्या बरगड्यांशी कान नेऊन ऐकलं. बोडकी, काळी, मोरी, सगळ्या. मान हलवत परत आल्या. बाजेपाशी येऊन थांबल्या. मग खाली वाकल्या आणि शेळ्यांच्या बरगड्यांशी नेला होता तसाच कान मामांच्या पाठीला लावला.

आधी डावीकडं ऐकलं, मग उजवीकडं.

"तुमीच वाजायलात," त्या म्हणाल्या. "कव्हापासून?"

मामांनी माझ्याकडं बघितलं. मीही ऐकायचा प्रयत्न केला. आणि खरंच, त्यांनी श्वास घेतला की एक बारीक शिट्टी येत होती. चार वर्षं मी त्यांच्या डोक्यावर राहत होते. मला ती कधी ऐकू आली नव्हती.

"अवं, मी इचारायलेय. कव्हापासून?"

"दोन वरसं," मामा अगदी हळू म्हणाले. मामींना ते ऐकू आलं.

"दोन वरसं! आन सांगितलं नाय?"

"कसं सांगायचं? तुला सांगायचं म्हंजे गल्लीला सांगायचं. आन तू घाबरली असतीस." ते थांबले. "आनखी एक हाय सांगायचं. चांदी गेली त्या दुपारी मी आतच व्हतो. कानाला हेडफोन लावून. मला ऐकू यायला पायजे व्हतं."

हे त्यांनी इतकं हळू सांगितलं की मी ओठांवरून ओळखलं. मामींनी मात्र कानानं ऐकलं. त्या बाजेवर बसल्या, पदरानं आधी आपलं तोंड पुसलं, मग मामांचं पुसलं.

"बाई," त्या मला म्हणाल्या, "माझ्या भावाला फोन लावा. म्हणावं, टेंपो आणू नको. आन एक रिक्षा बोलवा, छातीच्या दवाखान्यात जायचंय. छाती वाजणारी शेळी मी एक दिस कळपात ठेवत नाय."

"आजच?" मामा म्हणाले. "अजून ते सेटिंग मशीनमधी नीट साठवायचंय..."

"साठवा. मी बसलेय."

मामांनी मशीन पुन्हा वायरीला लावलं. मामींनी लॅपटॉप दोन्ही हातांनी धरला. पडद्यावर एक रिकामी चौकट आली, या सेटिंगला नाव काय द्यायचं ते विचारणारी. मामांनी मला विचारलं नाही. मामींना विचारलं, हळू आवाजात. मामींनी सांगितलं आणि मामांनी एका बोटानं, एकेक अक्षर शोधत, चांदी असं लिहिलं.